कापलेले श्वास

"आई, आज जेवायला काय आहे गं?"

हा प्रश्न शिट्टीने आईला विचारलेला नव्हता. वाचनालयाच्या लिफ्टला विचारला होता, तोही मान वर करून, लाडात येऊन, पोटावर हात ठेवून. पैज वकिलाने लावली होती. वकील म्हणजे तिच्या बाकावरची मैत्रीण. बाईंनी 'गप्प बस' म्हटलं तरी 'का?' असं विचारल्याशिवाय ती गप्प बसत नसे, म्हणून वर्गाने तिला ही पदवी बहाल केली होती. साक्षीला चिमणी होती. तिला विनोद व्हायच्या आधीच हसू यायचं, त्यामुळे ती कोपऱ्यात दप्तर तोंडावर धरून केव्हाची खुसखुसत होती.

लिफ्टला आई म्हणण्यात तसं खोटं काही नव्हतं. त्या लिफ्टमधला आवाज शिट्टीच्या आईचाच होता.

आणि नुसता लिफ्टमधला नाही. बसमध्ये पुढचा थांबा सांगायची ती आई. दवाखान्यात 'आपला क्रमांक येईपर्यंत कृपया बसून घ्या' म्हणायची ती आई. फोन लागला नाही की तसं नम्रपणे कळवायची तीही आईच. सगळं शहर तिचं ऐकायचं आणि ती कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. शिट्टी लहान असताना भर बसमध्ये सीटवर उभी राहून 'ही माझी आई बोलतेय' असं जाहीर करायची, तेव्हा शेजारच्या बायका तिला मायेने गोळी द्यायच्या आणि मनात म्हणायच्या, बिचारी, हिची आई गेली वाटतं.

लिफ्ट काही बोलली नाही. पहिला मजला गेला, दुसरा गेला. चिमणीचं हसू दप्तराबाहेर सांडायला लागलं. आणि तिसरा यायच्या आत वरच्या जाळीतून कुणीतरी श्वास घेतला.

मग नेहमीच्या धुतल्यासारख्या आवाजात लिफ्ट म्हणाली, "तिसरा मजला."

दार उघडलं. वकिलाने तिथल्या तिथे निकाल दिला, की उत्तर मिळालं नसलं तरी प्रश्न विचारला गेलाय, म्हणजे पैज शिट्टीची, आणि ठरल्याप्रमाणे आठवडाभर शिट्टीचं दप्तर वकील उचलणार. चिमणी हसून हसून भिंतीला टेकली. शिट्टीही हसली, पण थोडं उशिरा. बाहेर पडल्यावर तिने एकदा मागे वळून बघितलं. लिफ्टचं दार मिटत होतं, आत कुणी नव्हतं.

तिचं अडलं होतं ते त्या श्वासावर. दुसऱ्या कुणाच्या तो कानावरून गेला असता. शिट्टीच्या कानावरून जाण्यासारखा नव्हता, कारण आईच्या कामात श्वासाला जागाच नसते.

मागच्या रविवारी आईने तिला पहिल्यांदा आपल्या कामाच्या जागी नेलं होतं. जाड पडद्यांची, घड्याळ नसलेली खोली, मधोमध उंच स्टूल, आणि काचेपलीकडे आवाजवाले काका. या काकांनीच आईचा आवाज इतकी वर्षं ध्वनिमुद्रित केला होता. त्यांच्या पडद्यावर वाक्यं डोंगरांसारखी दिसायची आणि दोन डोंगरांच्या मध्ये गवताचे बारके झुबके. ते झुबके म्हणजे श्वास. काका बोटाने एकेक झुबका धरायचे आणि टच करून कापून टाकायचे.

शिट्टीने का म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी खुर्ची वळवून समजावून सांगितलं होतं.

"श्वास ऐकू आला ना, की माणूस थांबतो. त्याला वाटतं इथे कुणीतरी आहे, आणि ते आता काहीतरी सांगणार आहे. लिफ्टमध्ये, बसमध्ये असं थांबून कसं चालेल? लोकांनी पुढे सरकायला पाहिजे."

"मग कापलेले श्वास जातात कुठे?"

"जातात कुठे म्हणजे, पुसून टाकले की संपलं." काका जरा थांबले होते आणि मान खाजवत म्हणाले होते, "खरं सांगू का, मी पुसत नाही. बाजूला ठेवतो. सवय आपली."

त्या दिवशी त्या स्टुलावर शिट्टीही बसली होती. नमुन्यादाखल चार-दोन वाक्यं. आईच्या आवाजाचं काम पूर्ण झालं होतं. मागच्या महिन्यात आईने दिवसच्या दिवस बसून अर्थ नसलेली वाक्यं वाचली होती, हसून दाखवलं होतं, खोकून दाखवलं होतं, नुसतं 'अं' आणि 'हं' म्हटलं होतं. आता त्या साठ्यातून यंत्र पाहिजे ते वाक्य जुळवणार होतं. शेवटच्या दिवशी काका म्हणाले होते, की ताई, आता तुम्ही परत यायची गरज नाही. आणि पुढच्या कामासाठी, नव्या लिफ्ट-बससाठी, शाळा-कॉलेजांसाठी, खेळण्यांसाठी, त्यांना तरुण आवाज हवा होता. शिट्टीचा.

इथे शिट्टी हे नाव कुठून आलं ते सांगायला हवं. तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. बोलायच्या आधी तिने घाईने श्वास आत ओढला, की त्या फटीतून बारीक शीळ वाजते. बोलताना वाजत नाही, फक्त आधी. वर्गाला हे कळलं तेही मागच्या वर्षी, कारण त्याआधी ती बोलतच नव्हती. हजेरीला 'हजर' इतकं पुटपुटायची, की बाईंनी ती समोर बसलेली असताना तिची गैरहजेरी मांडली होती. मग शाळेच्या नाटकात एक मुलगी तापाने पडली, तिच्या जागी हिला ढकललं गेलं, आणि हिच्या तोंडून असा खणखणीत आवाज निघाला की मागच्या दाराशी डुलक्या काढणारा शिपाई दचकून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. त्या दिवसापासून या बाईसाहेबांच्या तोंडाला कुलूप नाही.

तर असा उशिरा सापडलेला आवाज. तो आता गावभर वाजणार होता, लिफ्टमध्ये, बसमध्ये, अनोळखी माणसांच्या कानात. रविवारी तिने स्टुलावर बसून श्वास घेतला तेव्हा काचेपलीकडे काका हसले होते. म्हणाले होते, पोरीचा श्वास फारच गोड आहे, कापायला जिवावर येतं.

आणि टच करून कापला होता.

हो की नाही, ते आज सांगायचं होतं. आई म्हणाली होती, तुझं तू ठरव. बाबा म्हणाले होते, उपाशीपोटी काही ठरवायचं नाही, शुक्रवारी बाहेर जेवायला जाऊ आणि जेवताना सांग. आज शुक्रवार होता. शिट्टीने 'हो' हा शब्द आरशासमोर इतक्या तऱ्हांनी म्हणून बघितला होता, की आता तो तिला स्वतःचं नाव वाटायला लागला होता.

वाचनालयातून निघाल्यावर मैत्रिणी आपापल्या वाटेने गेल्या आणि शिट्टी बसमध्ये चढली. दप्तर मांडीवर, गाल खिडकीच्या काचेवर. लिफ्टच्या श्वासाचा तिने रीतसर निकाल लावला होता. जुनी लिफ्ट, वर पंखा, पंख्यात धूळ. वकील असती तरी याहून वेगळं काही म्हणाली नसती.

बस वळणावर आली. इथे आई 'पुढचा थांबा, जुना बाजार' म्हणते. शिट्टी लहानपणापासून हे वाक्य आईबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणत आलेली. आजही तिने ओठ हलवायला घेतले.

वरून श्वास आला.

नाकाने घेतलेला, मध्येच किंचित अडकलेला. घरी आई भांडी विसळता विसळता नळ बंद करते, असा श्वास घेते आणि मग म्हणते, 'एक सांगू का तुला?' तो श्वास. शिट्टीने तो हजारात ओळखला असता.

पुढे वाक्य आलं नाही.

समोरच्या आजोबांनी पेपर खाली केला. फोनवर बोलणारा माणूस बोलता बोलता गप्प झाला. दांड्याला धरून उभ्या असलेल्या बायकांनी माना वर केल्या. अख्खी बस छताकडे बघत थांबली. बस थांब्यावर उभी राहिली, दारं उघडली, आणि कुणी उतरेना. शेवटी ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, की मंडळी, बाजार आलाय, उतरताय की घरी घेऊन जाऊ? तेव्हा लोक एकमेकांकडे बघून ओशाळं हसले आणि उतरले.

शिट्टी उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत होती. काय दिसलं ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

घरी आई तयार होऊन बसली होती. निळा कुडता, केस नीट विंचरलेले, चेहरा ताजा. काम संपल्यापासून आई फार चांगली दिसत होती. पूर्वी तिचा घसा सारखा कोरडा पडायचा. जिना चढताना मधल्या वळणावर ती कठड्याला धरून थांबायची आणि हाताने 'तुम्ही व्हा पुढे' अशी खूण करायची. आता ती बोलत बोलत वरपर्यंत यायची आणि दारात पोचल्यावरही बोलतच असायची. बाबा याचं श्रेय विश्रांतीला द्यायचे. बाबांचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांच्या मते जगातल्या निम्म्या तक्रारी नंबर बदलला की जातात आणि उरलेल्या निम्म्या झोप काढली की.

शिट्टी दप्तर टाकून आईच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि तिने दिवसभराचं सगळं पुराण लावलं. वकिलाचं, चिमणीचं, पैजेचं. लिफ्टला आई म्हटल्याचं ऐकून आई हसली. श्वासाचं आणि बसचं तेवढं शिट्टीने सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे तिलाही कळलं नाही. तिने फक्त विचारलं, की मी काय सांगू गं त्या काकांना?

"तुझं तू ठरव, बाळा. आम्हाला सगळं चालेल."

आईने तिच्या गालावर हात फिरवला. हात उबदार होता, साबणाचा वास येत होता. शिट्टीला एकदम बरं वाटलं. तिने मनातल्या मनात स्वतःला एक टप्पल मारली आणि कपडे बदलायला पळाली.

संध्याकाळी तिघं पायी निघाले. थंडी चांगली पडली होती. रस्त्यावरची दुकानं उजळली होती, केशकर्तनालयात एक माणूस मान टाकून झोपला होता, औषधांच्या दुकानाबाहेर कुणाचं तरी कुत्रं शहाण्यासारखं बसलं होतं. बाबांनी तोंडातून वाफ सोडत आगगाडी केली. हा त्यांचा थंडीतला ठरलेला विनोद. शिट्टीने ठरल्याप्रमाणे श्वास ओढून इंजिनाची शिट्टी दिली. दोघांच्या तोंडची वाफ दिव्यांच्या उजेडात मिसळली. आई दोघांच्या मधोमध चालली होती. तिने मफलर नाकावरून घेतला होता, त्यामुळे तिचे फक्त डोळे दिसत होते, आणि डोळे हसत होते.

हॉटेल कोपऱ्यावरचंच. लाकडी बाकं, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, दाराशी माशांची काचेची पेटी. वाट बघणाऱ्यांना हातात लाकडी बिल्ला देतात आणि टेबल रिकामं झालं की छतातल्या स्पीकरवरून आकडा पुकारतात. तो आवाजही अर्थात आईचा. म्हणून तर हे त्यांचं घरचं हॉटेल. बाबा दर वेळी आईला कोपर मारून म्हणायचे, की घरी ताट वाढलंय म्हणून हाका मारतेस तेव्हा आम्ही ढिम्म हलत नाही, इथे बघ कसे पहिल्या हाकेला उठतो. आजही म्हणाले. आई आजही हसली.

शिट्टी बाकावर बसून स्पीकरकडे बघत होती. पांढरा, गोल, भोकाभोकांचा, चहाच्या गाळणीसारखा. शेजारी एक जोडपं होतं, त्यांचं बाळ चमचा आपटत होतं. आकडे येत होते आणि माणसं उठून जात होती. स्वच्छ आकडे, मागेपुढे काही नाही. शिट्टीचे खांदे हळूहळू सैल पडले.

त्यांचाही आकडा आला. तसाच, स्वच्छ. बाबा बिल्ला नाचवत पुढे झाले.

टेबल खिडकीजवळचं मिळालं. एका बाजूला बाबा आणि शिट्टी, समोर आई. स्पीकर बरोबर आईच्या डोक्यावर. वेटर ओळखीचा होता. त्याने न विचारता तीन सूपं आणून ठेवली आणि पावाची टोपली मधोमध सरकवली. सूप उकळतं होतं. बाबांनी वाटीवर मान झुकवली, चष्म्याच्या दोन्ही काचा धुरकटल्या, आणि ते नेहमीप्रमाणे म्हणाले, की कुणी मला सांगा, मी कुठे आहे आणि तुम्ही कोण?

शिट्टी हसली. हसता हसता तिने आपल्या सूपवर फुंकर घातली आणि मग तिला आठवलं, की ही फुंकर आपली नव्हे. सूपवर फुंकर आई घालते. स्वतःच्या नाही, शिट्टीच्या. शिट्टी आता घोडी झाली तरी आई टेबलापलीकडून ओणवी होऊन फुंकर घालायचीच, आणि शिट्टी दर वेळी 'आई, लोक बघतायत' म्हणून लाजायची.

आज आई हात मांडीवर ठेवून बसली होती. सूप निवायची वाट बघत होती.

शिट्टीची नजर वाट्यांवरच्या वाफेवर गेली. बाबांच्या वाटीवरची वाफ सारखी हलत होती. बाबांनी श्वास सोडला की पुढे झुकायची, घेतला की मागे. शिट्टीच्या वाटीवरचीही तशीच, थोडी घाईची.

आईच्या वाटीवरची वाफ दोऱ्यासारखी सरळ वर जात होती. आईच्या हनुवटीसमोरून, ओठांसमोरून, नाकासमोरून. कुठेही न वाकता.

शिट्टी बराच वेळ बघत राहिली. बाबा बटाट्याच्या कापांची चौकशी करत होते. वेटर मान डोलवत होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने हसलं. सगळं जसंच्या तसं चालू होतं. आईने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे काय गं? शिट्टीने मान हलवली, म्हणजे काही नाही.

मग ती म्हणाली, "आई, मी झाले त्या दिवसाची गोष्ट सांग ना."

बाबा कण्हले. कारण त्या गोष्टीत त्यांची फजिती आहे. पण ती गोष्ट आई सांगते तशी कुणालाच सांगता येत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. दर वाढदिवसाला ती व्हायचीच. शिट्टीला तिचा शब्दन् शब्द पाठ होता, आणि त्याहून जास्त पाठ होत्या त्यातल्या थांबायच्या जागा. पहिली जागा बॅगेची. आई म्हणते, बाबा घाईत बाळंतपणाची बॅग समजून दुकानातली पेटी घेऊन आले, नर्सने ती उघडली, आणि इथे आई थांबून श्वास घेते, खुदकन हसते, मग म्हणते, आत सगळ्या चष्म्याच्या फ्रेमी. दुसरी जागा डॉक्टरांची. आणि तिसरी, सगळ्यात मोठी. बाळ झालं पण रडलंच नाही. इथे आई छातीवर हात ठेवते, खूप खोल श्वास घेते, आणि तो सोडेपर्यंत टेबलावर कुणी हलत नाही. मग ती म्हणते, आणि तू श्वास घेतलास. आणि तोंडात एक दात नाही, तरी शीळ वाजली.

आईने गोष्ट सुरू केली. आवाज तोच, मऊ आणि स्पष्ट. बाबांची घाई, जिना, रिकामा रस्ता.

"नर्सने ती उघडली आत सगळ्या चष्म्याच्या फ्रेमी."

आई थांबली नव्हती. डोंगराला डोंगर जोडलेला.

वर स्पीकरमध्ये कुणीतरी श्वास घेतला आणि खुदकन हसलं.

शिट्टीने चमचा खाली ठेवला. बाबा रुमालाने चष्मा पुसत होते, त्यांनी मान वर केली. म्हणाले, की बिघडलाय वाटतं यांचा स्पीकर. आई बोलत होती. डॉक्टर आले, पेटी बघितली, त्यांचा स्वतःचा चष्मा त्याच दिवशी फुटला होता.

दुसऱ्या जागी वर पुन्हा श्वास. बरोबर तिथे, बरोबर तेवढा.

पलीकडच्या टेबलावरचं हसणं थांबलं. बाळाने चमचा आपटायचं थांबवलं.

"सगळे वाट बघत होते पण तू रडलीच नाहीस"

आईचे हात मांडीवरच होते.

वरून खूप खोल श्वास आला. अडकत अडकत आत गेला आणि आत जातच राहिला, जसा कुणी कितीतरी दिवस धरून ठेवलेल्या गोष्टीसाठी घेतो. सगळं हॉटेल वर बघत होतं. वेटर ताटं हातावर तोलून जागच्या जागी उभा होता. कुणाच्याही तोंडचा घास पुढे सरकला नाही.

तो श्वास सुटला नाही.

"आणि तू श्वास घेतलास आणि तोंडात एक दात नाही तरी शीळ वाजली," आई म्हणाली, आणि हसली.

हळूहळू हॉटेलात चमचे वाजायला लागले. बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आईकडे बघितलं, शिट्टीकडे बघितलं आणि खुशीत म्हणाले, की बघ, एका दमात सांगितली. पूर्वी अर्ध्यात धाप लागायची. मग त्यांनी हात चोळले.

"मग, बाईसाहेब? काय ठरलं आपलं?"

"तुझं तू ठरव, बाळा. आम्हाला सगळं चालेल."

आईचं दुपारचंच वाक्य. त्याच चढाचं, त्याच उताराचं. तिसऱ्या मजल्यासारखं.

शिट्टीने टेबलावरून हात लांब करून आईचा हात धरला. उबदार होता. साबणाचा वास येत होता. आईने तिची बोटं घट्ट दाबली, लहानपणी रस्ता ओलांडताना दाबायची तशी, आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर आलं तरी तिने पुसलं नाही. चेहरा हसताच होता.

आरशासमोर घोटलेला 'हो' शिट्टीच्या जिभेवर तयार होता. सगळ्या लिफ्ट, सगळ्या बस, सगळं शहर. टाळ्या वाजवणारा तो अंधारातला हॉल. तिने आईच्या वाटीकडे बघितलं. सूप निवलं होतं. वाफ संपली होती.

तिने मान वर केली.

स्पीकरमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

हा आईचा नव्हता. छोटा होता, घाईचा, आणि शेवटी त्यात बारीक शीळ वाजली.

शिट्टीचे ओठ अजून मिटलेलेच होते.

चमचे पुन्हा थांबले. सगळे वर बघत, वाट बघत बसले. बाबांनी हसून आधी छताकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मी आवाज देणार नाही."